आभाराचं भाषण

आभार मानणं वेगळं आणि दुसऱ्याच्या कामावर पाणी फिरवणं वेगळं. म्हैसूरच्या आमच्या मराठी मंडळात हा फरक कुणाला ठाऊक नाही. इथे वक्ता बोलून खाली बसला की आभार मानणारा उठतो आणि त्याच व्याख्यानाचं ‘सार’ सांगतो. लोकही त्या साराचीच वाट बघत असतात.

मी जन्मभर इथल्या कॉलेजात जर्मन शिकवलं. त्यापलीकडे वेड एकच, युरोपातल्या जुन्या जर्मानिक आणि केल्टिक टोळ्यांची नावं कुठून आली ते शोधायचं. लिहिलं ते सगळं इंग्रजीत नाहीतर जर्मनमध्ये, आणि अम्माला दोन्ही येत नाहीत. नजरबादच्या घरी आल्यागेल्याला ती सांगायची, “हिचं मेलेल्या लोकांच्या नावांचं काहीतरी चालू असतं, सुम्ने.” सुम्ने म्हणजे उगीचच. आमच्या घरच्या मराठीत निम्मं कानडी. भाजी-आमटीपलीकडचं काही सांगायला गेलं की शब्दच सापडत नाहीत. म्हणून मंडळाने गणेशोत्सवात मराठीत बोलायला बोलावलं तेव्हा मी हो म्हटलं, ते केवळ अम्मासाठी. ती नव्वदीला टेकली आहे. मुलगी आयुष्यभर काय करत बसली, हे तिला एकदा तरी कळायला हवं होतं.

मी जीव तोडून तयारी केली. ‘जर्मन’ हे नाव त्या लोकांनी स्वतः घेतलेलं नाही, रोमनांनी त्यांना ते लावलं, आणि ते मुळात कुठल्या भाषेतलं यावर अजून एकमत नाही, हे सांगितलं. मग व्होल्के नावाच्या केल्टिक टोळीवर आले. शेजारच्या जर्मानिक लोकांनी तिचं नाव उचललं, सगळ्याच केल्टांना लावलं, आणि हळूहळू त्याचा अर्थच ‘परका’ होऊन बसला. पुढे इंग्रजांनी वेल्सच्या लोकांना तेच चिकटवलं. राहतात आपल्याच मुलखात, आणि नाव काय, तर परके! अम्मा पहिल्या रांगेत मान डोलावत होती. इथले आपल्याला मराठी म्हणतात आणि पुण्याहून आलेले कानडी म्हणतात, हे तिला कुणी वेगळं सांगायला नको होतं.

मग मंडळाचा चिटणीस आभाराला उठला. हा पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेला, बोलायला तुरतुरीत. व्याख्यान ठरवताना फोनवर त्याने ‘जर्मन म्हणजे शर्मन’, म्हणजे ब्राह्मणांच्या नावापुढे लागतं ते संस्कृत शर्मा, हे मला ऐकवलं होतं, आणि मी त्याला स्वच्छ सांगितलं होतं की बाबा रे, कानाला सारखं लागलं म्हणून नातं होत नाही, त्याला पुरावा लागतो. तोच आता माईक धरून म्हणाला, “मॅडमनी विनयाने उघड सांगितलं नाही, पण त्यांच्या संशोधनाचं सार एकच. जर्मन म्हणजे आपले शर्मन.”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून म्हटलं की हे मी बोललेलं नाही, हे खोटं आहे. पण माईक त्याच्या हातात. “बघा, केवढा हा विनय,” असं म्हणत त्याने माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ कोंबला, आणि तेवढ्यात आरती सुरू झाली. नारळ हातात घेऊन भांडता येत नाही. समोर अम्मा अजून टाळ्या वाजवत होती.

घरी जाताना रिक्षात मी तिला सांगितलं, “अम्मा, ते खोटं आहे. मी असलं काही शोधलेलं नाही.”

तिने माझ्या मांडीवरचा नारळ स्वतःकडे घेतला. मग म्हणाली, “असेना का. तुझं बोलणं मला अर्धं कळलं नाही ग. त्याचं कळलं. आता कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी आहे माझ्याजवळ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण प्रसादाला आली. अम्मा तिला कानडीत सांगत होती, आमच्या मुलीने शोधून काढलंय, जर्मन लोक मूळचे आपलेच. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल ती कधी एवढ्या आनंदाने बोलली नव्हती. शेजारणीने माझ्याकडे वळून विचारलं, खरंच का? अम्माही माझ्याकडे बघत होती.

मी हो म्हटलं. त्या चिटणिसाला मी या एका शब्दासाठी कधीही माफ करणार नाही.