अव्वाचा आड

परवा आमच्या सोसायटीतल्या बायकांनी मला खालच्या हॉलमध्ये बोलावलं. घरच्या घरी पाणी कसं वाचवायचं, यावर चार शब्द बोला म्हणाल्या. मी लातूरची, म्हणजे दुष्काळात मुरलेली, तेव्हा माझ्याजवळ युक्त्या असणारच असा त्यांचा समज. मी सांगितल्या. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घाला, कपड्यांचं शेवटचं पाणी फरशीला वापरा, पाहुण्याला अर्धाच ग्लास द्या आणि लागलं तर पुन्हा विचारा. पैसेही वाचतील म्हणाले. टाळ्या झाल्या. एक रोपटं मिळालं, तेही प्लास्टिकच्या कुंडीत. त्या युक्त्यांचं पुढं काय झालं, ते मी सांगितलं नाही. चहा निवत होता, आणि ऐकून कुणाला बरं वाटलं नसतं.

युक्त्या माझ्या आईच्या. आम्ही तिला अव्वा म्हणायचो आणि वडिलांना अप्पा. अप्पांचं लातूरच्या बाजारात किराणा दुकान. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय ते दुकानाचं कुलूप उघडायचे नाहीत. घर गल्लीच्या शेवटाला. मागं अंगण, अंगणात एक बेल, आणि बेलाजवळ आड. अव्वाचा जीव त्या आडात होता. मी अगदी लहान असताना मोठा दुष्काळ पडला. गावातल्या विहिरी कोरड्या पडल्या, पण आमचा आड टिकला आणि सगळी गल्ली त्यावर जगली. मला त्यातलं काही आठवत नाही, पण अव्वानं ते इतक्या वेळा सांगितलं, की आठवतंय असंच वाटतं. इतर बाया पोरगा मॅट्रिक झाल्याचं सांगतात, त्या तोऱ्यात ती सांगायची, "माझा आड आटला न्हाई."

का आटला नाही, याचं तिचं उत्तर ठरलेलं होतं. आपण जपून वापरलं म्हणून. आणि जपणं म्हणजे कसलं! आमच्या घरात पाण्याला कामाला जुंपलेलं होतं. सकाळी तोंड धुतलेलं पाणी घमेल्यात पडायचं, तिथून अळूला जायचं. आंघोळ दगडावर बसून, दगडाखालून पन्हळ, पन्हळीचं पाणी बेलाच्या बुडाशी. डाळ धुतलेलं पाणी शेजारच्या चाचीच्या शेळीला. भांडी राखेनं कोरडीच घासायची, मग एका घमेल्यात बुडवून दुसऱ्यात काढायची. ते पहिलं पाणी गढूळ झालं की त्यानं सडा. जेवण झालं की ताटातच हात धुवायचे, आणि तेही चुळकाभर पाण्यानं. मी एकदा तांब्याभर घेतलं तर ती म्हणाली, "हात धुवायलीस का हत्ती?"

मला या सगळ्याची लाज वाटायची. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की अव्वा त्यांच्यापुढं अर्धे पेले ठेवायची. अप्पाही वैतागायचे. "गल्लीभर लोक म्हनतील, दुकानदार हाय पर पानी मोजून देतोय." तिच्यावर काही परिणाम व्हायचा नाही. तिचं गणित सरळ होतं. आड म्हणजे मोठा रांजण. आपण आज शेंदलं नाही, ते पाणी उद्या आपल्यासाठी खाली राहतं. "शिल्लक आपलीच ऱ्हातीय, कुठं जातीय?" असं ती म्हणायची. दोराला तिनं एक लाल चिंधी बांधली होती. पोहरा पाण्याला टेकला की चिंधी रहाटापासून किती खाली गेली, ते ती रोज बघायची.

मी वरच्या वर्गात गेले तेव्हा लातूर जिल्हा झालं. उस्मानाबादपासून वेगळं, स्वतःचा कलेक्टर असलेलं. अप्पांनी दुकानात पेढे वाटले. आता ऑफिसं येतील, रस्ते होतील, घरोघरी नळ येतील, गिऱ्हाईक वाढेल, असं ते येईल त्याला सांगायचे. ऑफिसं आली, गिऱ्हाईकही वाढलं, ते खोटं नाही. फक्त पाऊस आला नाही. एक वर्ष हुलकावणी दिली, दुसऱ्या वर्षी तर आभाळानं तोंडच फिरवलं. अव्वा घाबरली नाही. तिला हे सगळं माहीत होतं. तिनं हिवाळ्यातच आमच्या आंघोळी एक दिवसाआड केल्या आणि जाहीर केलं, "मिरगापर्यंत आड टिकवायचा. मागं टिकला, आताबी टिकंल." मृगाचा पाऊस येईपर्यंत गल्लीला तिच्या आडाचं पाणी पुरावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिनं लुगडं धुणंसुद्धा लांबवलं, आणि ती फार टापटिपीची बाई होती.

त्याच सुमारास आमच्या मागच्या भिंतीपलीकडं मोकळ्या जागेवर दुमजली घर उभं राहिलं. एका कंत्राटदारानं ते नव्या जिल्ह्याच्या साहेबलोकांना भाड्यानं द्यायला बांधलं होतं. घराला नळाच्या तोट्या, वर टाकी, आत संडास. पाणी मात्र नव्हतं. म्हणून बोर मारायची गाडी आली. तोवर आमच्या भागात कुणी बोर मारलेली पाहिली नव्हती. सगळी गल्ली तमाशा बघायला जमली. कंत्राटदाराची बायको आमच्या दारात आली. हातात हळदकुंकवाचं ताट होतं. म्हणाली, "मावशी, तुमच्या हाताला पाणी हाय म्हनत्यात. मशिनीची पूजा तुमच्या हातानं व्हावी."

अव्वा अशी खुलली होती, की मी तिला तसं आधी कधी पाहिलं नव्हतं. ठेवणीतलं इरकल नेसून ती गेली. त्या लोखंडी मशिनीला तिनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग मशिनीवरचा माणूस म्हणाला, सुरू करायला थोडं पाणी लागेल. जी बाई आम्हाला तोंड धुताना पाण्याकडं डोळे वटारून बघायची, तिनं आमच्या आडाच्या दोन भरलेल्या घागरी तिथं पाठवल्या. अप्पा काही बोलायला गेले तर त्यांनाच म्हणाली, "पान्यासाठी पानी मागायलेत, न्हाई कसं म्हनावं?" दिवसभर दणदण चालली. आमच्या कोनाड्यातली भांडी हलत होती. संध्याकाळी तिथून राखाडी चिखलाचं पाणी उसळलं. पोरं त्यात नाचली. अव्वानं तिथूनच आडाला हात जोडले.

पंधरवडाभरात चिंधी खाली गेली. आधी थोडी, मग झपाट्यानं. अव्वाला वाटलं, घरातच कुठंतरी जास्त सांडतंय. तिनं रांजणाला भोक आहे का ते तपासलं. घागरींच्या बुडाला हात लावून पाहिला. मग ती आमच्यावर घसरली. अप्पांची आंघोळ तांब्यावर आली, पूजेपुरती. अळू वाळू दिला. गल्लीतल्या बायकांना एकेक घागर कमी केली, त्यावरून भांडणं झाली. रात्रीचा भात बंद, कारण भाताला पाणी लागतं. भाकरी आणि कोरडी चटणी. स्वतः ती किती पीत होती कोण जाणे. ओठ फाटलेले असायचे. चिंधी तरी खालीच चालली होती.

शेवटी शेजारची चाची बोलली. तिचा नवरा भांड्यांना कल्हई लावायचा. आमच्या आडाचं पाणी ती लग्न होऊन आल्यापासून पीत होती. म्हणाली, "अक्का, घरात कुटं गळंना झालं. ती बोर चालू झाली तवापास्नं तुमचा आड खाली चाललाय. तिकडं मोटार लागली की हिकडं पानी हलतंय, मी बघिटलंय."

"काईबी बोलतीस," अव्वा म्हणाली. "पानी काय भिंतीखालनं चालत जातंय व्हय?"

मी शाळेत भूगोल शिकत होते. चाची खरं बोलत होती हे मला कळत होतं. अप्पांनाही कळलं असावं. ते कंत्राटदाराकडं जाऊन आले. तो म्हणाला, माझी जागा, माझी बोर, आणि तुम्हीच तर पूजा केली. वाईट माणूस नव्हता तो. रोज सकाळी गल्लीला तोटीवर दोन घागरी भरू देईन म्हणाला, आणि देतही होता. मृग अजून लांब होता, तेव्हाच आमच्या पोहऱ्यात चिखल आला. ज्या बायका अव्वाच्या रहाटावर उभ्या राहायच्या, त्या आता मागच्या फाटकासमोर रांगेत उभ्या राहिल्या. अव्वा स्वतः गेली नाही. मला पाठवायची.

पुढची हकिगत सगळ्यांना माहीत आहे. त्यांची बोरही आटली, त्यांनी जास्त खोल मारली, मग शेजाऱ्यांनी त्याहून खोल. बऱ्याच वर्षांनी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या गाडीला लोकांनी हार घातले. मला तो दिवस मशिनीच्या पूजेसारखाच वाटला. पण मला सांगायचं आहे ते त्या आधीचं, त्याच उन्हाळ्यातल्या एका दुपारचं.

पलीकडच्या घरातले लोक मोटार लावून झोपले असावेत. त्यांची वरची टाकी भरून वाहायला लागली. पाणी भिंतीवरून आमच्या अंगणात पडायला लागलं, स्वच्छ, धारेनं. अव्वा धावली. घमेलं लावलं, घागर लावली, डाळीचं पातेलंसुद्धा लावलं. आणि भिंतीकडं तोंड करून ओरडायला लागली, "अवो बाई! मोटार बंद करा! पानी वाया चाललंय!" मोटारीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. तिची घागर भरली. बेल वाळत आला होता, त्याला ती घालेल असं मला वाटलं. किंवा माठात. ती आडाकडं गेली. आडावर झाकलेल्या फळ्या सरकवल्या आणि भरलेली घागर आत ओतली.

मी किंचाळलेच. "अव्वा, काय करायलीस?"

"त्याचंच हाय ते," ती म्हणाली.

खालून चिखलावर पाणी पडल्याचा आवाज आला. तिनं दुसरी घागर ओतली, मग पातेलं. मग मोटार बंद झाली. तिनं भांडी पुसून जागेवर ठेवली आणि दोराची लाल चिंधी सोडून चुलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं घमेलं शोधलं. ते जागेवर नव्हतं. मी मोरीत तोंड धुतलं, मुद्दाम भरपूर पाणी घेऊन, आणि शिव्या खायच्या तयारीनं अव्वाकडं पाहिलं. ती भाकरी थापत होती. तिनं मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. त्यानंतर आमच्या घरात पाणी जपून वापरा असं कुणी कुणाला म्हटलं नाही.