पथ्य सुटलं

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात आल्याची खरी पारख असलेला माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, असं आमच्या दाजींचं ठाम मत होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम उचगाव. पस्तीस वर्षं त्यांनी लेथवर लोखंड कातलं आणि रिटायर झाले त्याच संध्याकाळी आक्काच्या हातातली पळी काढून घेतली. "आता तू बस," म्हणाले. आक्का बसली. तेव्हापासून त्या घरात आल्याशिवाय पदार्थ शिजला नाही. चहा, रस्सा, पिठलं, आमटी सोडाच, एकदा मी त्यांच्याकडे आलं घातलेली शेवयांची खीर खाल्ली आहे. कशी झालीय असं विचारल्यावर चांगली झालीय म्हणालो, तर वाटी पुन्हा भरली.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. वडगावच्या बाजारात त्यांना लांबूनच बघून एका मावशीनं आल्याच्या पाटीवर पोतं टाकलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. कारण दाजी आलं विकत घेत नसत, तपासत. आल्याचा तुकडा मोडायचा, वास घ्यायचा, चष्मा कपाळावर चढवून आतले धागे बघायचे आणि मग निकाल द्यायचा, "कवळं हाय. च्याला चालंल, रश्श्याला न्हाय." शेवटी ती मावशी कातावून म्हणाली, "पावणं, आलं न्यायचंय का त्याला पोरगी द्यायचीया?" दाजींना याचा राग आला नाही. त्यांना तो प्रश्न रास्त वाटला.

सुंठ तर ते घरीच करत. जून आलं चमच्यानं खरवडून गच्चीवर पसरायचं आणि छत्री घेऊन राखणीला बसायचं. आल्याला कावळा तोंड लावत नाही हे त्यांना सांगून पटलं नाही. माझ्या मुलीच्या लग्नात आहेर म्हणून त्यांनी साडीबरोबर अर्धा किलो सुंठ दिली. "सासरला चाललीया. डोकं दुखणार की," हे वर कारण. एकदा आमचा भांडखोर भाडेकरू आपणहून खोली सोडून गेला, तेव्हा मी सहज म्हणालो, "सुंठीवाचून खोकला गेला." दाजी जेवता जेवता थांबले. "सुंठीवाचून जात न्हाय," म्हणाले. "दबून बसतो नुसता."

आक्का या सगळ्याला हसायची. मग दीड वर्षापूर्वी तिच्या गालाला आतून एक फोड आला आणि तो बरा होईना. पुढचं सगळं आपल्याकडे आता घरोघरी ठाऊक आहे. तपासणी झाली, तुकडा काढला, मग किरणांचे शेक सुरू झाले. शेकांनी तिचं तोंड आतून सोलून निघालं. डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला. तिखट नको, आंबट नको, मसाला नको. दाजींनी विचारलं, "आणि आलं?" डॉक्टर म्हणाले, "आलं तर मुळीच नको. सुंठसुद्धा नको."

त्या दिवशी घरातलं सगळं आलं आणि सुंठीच्या तिन्ही बरण्या पिशवीत भरून त्यांनी माझ्या घरी आणून ठेवल्या. "घरात असली की हात जातोय," म्हणाले. तरीही घोटाळा झालाच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी भाताच्या पेजेला चिमूटभर जिरं कुटून घातलं. खलबत्ता जुनाच होता. त्यात किती वर्षांची सुंठ मुरली होती कोण जाणे. पहिल्या चमच्याला आक्का तोंड धरून ओरडली. दाजींनी तो खलबत्ता तिथल्या तिथं शेजारणीला देऊन टाकला आणि मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत बसले. पुढचे आठ महिने ते स्वतःही पेज, मुगाचं पाणी आणि दूधभातच खात होते. दर जेवणाला आक्कासमोर ताट ठेवताना अपराध्यासारखे म्हणायचे, "आज बी तसंच झालंय बघ."

मग ती तपासणी आली. आक्काला बाहेर बाकावर बसवून आम्ही दोघं आत गेलो. डॉक्टरांनी फोटो पाहिले, फाइल मिटली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "आता पथ्य राहू द्या. त्यांना जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या."

मला कळलं. पण आपल्याकडे पथ्य सुटलं म्हणजे दुखणं सुटलं. दाजी त्याच रिवाजात वाढलेले. त्यांनी हात जोडून डॉक्टरांचे आभार मानले. बाहेर येऊन आक्काला म्हणाले, "अगं, पथ्य सुटलं!" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला बोलवेना. मी बोलायला हवं होतं. मी भित्रा निघालो आणि मला त्याची आजही लाज वाटते. रिक्षा त्यांनी मंडईवरून न्यायला लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा न मोडता, वास न घेता अर्धा किलो आलं घेतलं.

घरी ते स्वयंपाकघरात पांढऱ्या रश्श्याच्या तयारीला लागले. आक्कानं मला जवळ बोलावलं. तिला बोलताना त्रास व्हायचा. "पथ्य का सुटलं त्ये मला कळतंय रं," ती म्हणाली. "त्यास्नी सांगू नगंस. करू द्यात."

रस्सा झाला. तिनं अर्धी वाटी घेतली. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. "झोंबतंय का गं?" दाजींनी विचारलं. "न्हाय," ती म्हणाली. "लई दिसांनी चव लागली." त्यानंतर ती तीन आठवडे होती आणि रोज काही ना काही आल्याचं घासभर खात होती.

ती गेल्यावर दाजी बोलायचेच बंद झाले. महिन्यानं एका दुपारी मी गेलो तर त्यांनी बिनआल्याचा चहा पुढं ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पावणं, माझ्या आल्यानंच गेली ती."

"काय बोलताय दाजी?"

"डॉक्टर आधी नगं म्हणत हुता. बरी झालती. मी हावऱ्यागत रोज घातलं आन् तोंड परत चिघळलं."

महिनाभर हा माणूस मनात हे घेऊन बसला होता. मग मी सगळं सांगितलं. पथ्य का सुटलं होतं, मी का गप्प राहिलो, आक्का काय म्हणाली, सगळं. ते ऐकत राहिले. चहावर साय धरली.

"म्हंजी तुमास्नी ठावं हुतं."

"होय."

"तिला बी."

"होय, दाजी."

"मग त्या दिशी घरात मी एकटाच आनंदात हुतो व्हय?"

दाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मग तिनं माझ्या तोंडाकडं बघून खाल्लं."