खंडोबाची वांगी अन निंबोळीचं तेल

राहात्याच्या पल्याड वस्तीवर लंकाबाई ऱ्हाती. आखाडी एकादशीपासनं चंपाषष्ठीपतोर तिच्या घरात वांगं कुनी खात न्हाई. सासूच्या सासूचा नेम हाय तो. नवं वांगं आदी खंडोबाला, भरीत-रोडग्याचा निवद, मग आपल्या तोंडात. अन ते परसातलंच पायजे, बाजारचं चालत न्हाई.

औंदा वांग्याच्या झाडांवर मावा पडला, पानांखाली बारक्या किड्यांची रास. पानं पार आकसली. देवाच्या वांग्यावर विखारी औशद मारावं कसं? सून वृषाली म्हनली, "आत्या, निंबोळीचं तेल मारा."

लंकाबाईनं बादलीत तेल वतलं. तेल वर, पानी खाली. "आता गं बया! ह्ये तर एकमेकाशी बोलंनात!"

"साबनाचं पानी घाला जरा, मग मिसळतंय."

मिसळलं. सांजच्याला फवारलं. सकाळी बगती तर मावा हाय तितंच! चार दिसांनी बी थोडा हुताच, पन झाडाला नवी पालवी फुटलेली. लंकाबाई कोड्यात पडली. "मरत बी न्हाई, खात बी न्हाई. यानं बी माझ्यावानी चातुर्मास धरला का काय?"

फवारत ऱ्हायली बिचारी. चंपाषष्ठीच्या आदल्या दिशी पाच वांगी तोडली अन हात हुंगला, तर कडूजहर वास! देवाला कडू भरीत? चाखावं तर नेम मोडतोय, अन निवद उष्टा हुतोय. तीनदा धुतली, चारदा हुंगली. आता वास वांग्याचा का हाताचा, त्ये बी कळंना.

बाजंवर तिचा मालक सहादू पडला हुता. म्हनला, "उगं घोर करतीस. कडू न्हाईत गं, लोन्यावानी हाईत."

लंकाबाई थबकली. "आवो, तुमाला कसं ठावं?"

सहादू उठून बसला. "न्हाई… शेजारच्या पंकजच्या मळ्यात शेकोटी पेटली हुती… आपल्या परसातली दोनच नेऊन भाजली."

"दोन!"

आता रागवावं, तर जिवाचा घोर त्यानंच मिटवला. हसावं, तर देवाच्या आदी ह्यो जेवला. तिला काय उमजंना.

दुसऱ्या दिशी तिनं निवद ठेवला अन हात जोडले. "देवा, पैलं वांगं ह्यांनी खाल्लं, पदरात घे. पन कडू न्हाई, येवढं बगून आल्यात ते."

मागनं वृषालीनं इचारलं, "आत्या, मग नेम मोडला का ऱ्हायला?"

"मला इचारू नको बाई. पन तुज्या सासऱ्याला आज शेवटी वाढ."