ओला कापूस

नातसुनेनं जुनी उशी उसवून कापूस उन्हात पसरला. ओल लागलेल्या कापसाचा तो कुबट वास आला आणि मी थेट सोनपेठच्या बाजारात जाऊन पोचले.

निजामाचं राज्य होतं. माझं नुकतंच लग्न झालेलं. मामंजी कापूस विकायला निघाले, तेव्हा बांगड्या भरायला म्हणून मीही गाडीत बसले. मागं गावातल्या आणखी गाड्या होत्या. ज्वारी खाण्यापुरतीच पिकायची. मीठ, लुगडी, शेतसारा, लग्नकार्य, सगळं कापसावर चालायचं.

व्यापाऱ्यानं आमच्या गाडीत कोपरापर्यंत हात खुपसला आणि ओला कापूस बाहेर काढला. वजन वाढावं म्हणून मामंजींनी त्यावर पाणी मारलं होतं.

"बेइमान गाव हाय हे!" तो ओरडला. "एकबी गाडी घेनार न्हाई."

बाकीच्यांचा कापूस कोरडा होता. तरी हातापाया पडून त्यांना तो मातीमोल भावानं द्यावा लागला. मामंजी जू धरून उभे होते. मी पदर डोळ्यांवर ओढला.

परतताना भाकरी खायला नदीकाठी गाड्या सोडल्या. आमच्याजवळ कुणी बसेना. मागच्या गाडीतून आलेल्या आमच्या शेजारच्या काशीबाईनं मात्र माझ्या हातावर भाकरी ठेवली.

"खा पोरी, तुजा काय कसूर?"

मी ती पोटभर खाल्ली. तिच्या लेकीचं लग्न त्यांच्या त्याच मातीमोल गेलेल्या कापसावर ठरलंय, हे मला ठाऊक नव्हतं. पुढं ते मोडलं. काशीबाईनं आमच्या दारात ते कधी बोलून दाखवलं नाही. आज ती भाकरी आठवली, की मान वर होत नाही.