मावशीच्या पुड्या

तिसऱ्या केमोला जाणार नाही असं मावशीने सांगितलं आणि घरात सगळ्यांची तोंडं उतरली. तिच्यासमोर आम्ही केमो म्हणतच नसू. 'ताकदीची सलाईन' म्हणत असू. अमरावतीच्या डॉक्टरांना तर आम्ही दाराबाहेरच गाठून सांगितलं होतं, "तिच्यासमोर कॅन्सर म्हणू नका." दर्यापूरजवळ झेंडू पिकवणारी, भावावरून व्यापाऱ्यांना घाम फोडणारी ही बाई एका शब्दाने खचेल, असं आम्हा शहाण्यांचं मत.

मूर्तिजापूरकडच्या एका वैद्याकडे ती एकदा जाऊन आली होती. आता तिला त्याचंच औषध हवं होतं. मला राग आला, पण उत्सुकताही वाटली. बियाणं घेताना दहा दुकानं पालथी घालणारी मावशी पुडीला भुलली कशी? बघावं म्हणून मी अकोल्याहून मुद्दाम आले आणि तिच्यासोबत जीपमध्ये बसले.

वैद्य बंडीतला गुटगुटीत माणूस होता. टेबलावर शेंगांची टरफलं पडलेली. पुडीत काय असतं विचारलं, तर "जडीबुटी" एवढंच म्हणाला. माझं मत तिथेच पक्कं झालं. मग त्याने मावशीची नाडी धरली.

"बोला माय, काय होऊन राह्यलं?"

"कॅन्सर हाय मले," मावशी म्हणाली. "लय भेव वाटते. पोरीचं लगन पाहाले भेटन का नाई, हेच मनात येते."

मी गारच पडले. मावशी बराच वेळ बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला. त्याला खरंच कळवळा होता की गिऱ्हाईक टिकवायचं होतं, कोण जाणे.

परतताना मी विचारलं, "तुले कसं समजलं?"

"वार्डातल्या समद्या बायाइचे केस गेले. मले काय दिसत नाई?"

"मंग आमाले काहून नाई बोलली?"

"तुमी सलाईन सलाईन करून राह्यले. कोनासंग बोलू?"

तिने पिशवी उघडून दाखवली. मागच्या वेळच्या पुड्याही तशाच होत्या. "एक खाल्ली. लय कडू लागली."

मला रडू आवरेना. जरा वेळाने विचारलं, "सोमवारी चालशीन ना? केमोले?" तिच्यासमोर तो शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला.

"चालीन," ती म्हणाली. "पन डाक्टर बोलतीन तवा तुमी बाहीर बसा."