गोदूबाईच्या डोक्यावरचा भारा

कुळगावचा हरिचंद्र भित्रा होता असं कोणी म्हणू नये. उल्हास नदी दुथडी भरून वाहत असली तरी गडी बैलाचं शेपूट धरून पलीकडे जायचा. पण दवाखान्यातल्या भुलीचं नाव काढलं की त्याच्या तोंडचं पाणी पळे. थोरला भाऊ अनंता अंतर्गळाच्या ऑपरेशनला गेला, नाकावर क्लोरोफॉर्मचा रुमाल धरला, तो पुन्हा उठलाच नाही. पुढे हरिचंद्राचंही आतडं जांघेत उतरू लागलं.

"मना नाय त्या रुमालाखाली झोपाचं," तो म्हणे, आणि लंगोट आवळून दिवस ढकली. ओझं उचललं की गाठ फुगे, म्हणून भाताचे भारे त्याच्या बायकोने, गोदूबाईने उचलले. साठी उलटली तरी पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन ती स्टेशनापर्यंत जाई आणि नवरा जांघ दाबून मागून चाले. लोक फिदीफिदी हसत. हसणाऱ्यांपैकी एकानेही कधी त्या भाऱ्याला हात लावला नाही.

मग कॅम्पात, निर्वासितांच्या वस्तीत, एक सिंधी डॉक्टर आला. म्हाताऱ्यांना तो झोपवत नाही, सुई टोचून तेवढीच जागा बधिर करतो, हे गोदूबाईने बाजारात ऐकलं.

"अवो, मानसाला जागाच ठेवतंय. एकदा दाखवून तं या."

"सुगी होऊ दे," हरिचंद्र म्हणाला.

सुगीतच, खळ्यावर भारा टाकताना ती कोसळली, ती गेलीच.

तिरडी उचलताना हरिचंद्र पुढे झाला. भावकीने त्याला मागे ओढलं. "काका, तू नको. गाठ उतरंल." जिने इतकी वर्षं त्याचं ओझं वाहिलं, तिला त्याला खांदाही देता आला नाही. बारावं झालं आणि तो आपणहून कॅम्पात गेला.

सुई मुंगी चावल्यासारखी लागली. मग काहीच नाही. डॉक्टर काम करता करता भातपिकाची चौकशी करत होता, हरिचंद्र उत्तरं देत होता.

"बाबा, अब जरा खोकून दाखवा. टाका बघतो."

"झाला? एवराच?"

"इतनाच."

हरिचंद्र खोकला, आणि खोकल्यामागून हुंदका फुटला. एवढ्याशाला भिऊन आपण तिला मारली! त्याला रडू आवरेना, सगळं पोट हलू लागलं. डॉक्टर घाबरला.

"दर्द होता है, बाबा?"

"हो," हरिचंद्र म्हणाला. "लय."

डॉक्टरने लगबगीने त्याच जागी आणखी एक सुई टोचली.