घोट्यापर्यंतचे बूट

ड्रिलच्या बाई रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरे. इतका खाली येई, की समोरच्याला पुढे वाकून आपला अपमान ऐकावा लागे. रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत त्या कसरत शिकवीत, मी खालच्या वर्गांना मराठी. आम्ही दोघी एकाच बिऱ्हाडात राहत होतो.

शाळेचं मैदान म्हणजे उघडा कातळ. पावसाळा सरला तरी शेवाळ सुटत नसे. लेझीम शिकवताना एकदा बाईंची चप्पल सटकली आणि घोटा मुरगळला. कितीतरी दिवस त्या लंगडत होत्या. "चप्पल ही देवळाबाहेर काढून ठेवायची वस्तू आहे," त्या म्हणाल्या, आणि कॅनव्हासचे, रबरी तळाचे, घोटा झाकणारे बूट घ्यावेत का, हा विचार त्यांनी सुरू केला.

बाईंचा विचार म्हणजे चौकशी. शेजारी पूर्णगडचा एक खलाशी बहिणीकडे आला होता, त्याला त्यांनी गाठलं.

"घोटा सांभाळतात, बाई. ओल्या फळीवर पाय निसटत नाय. पन पाय उबतो, नि भिजले का वास मारतात," तो म्हणाला.

"वास धुता येईल," बाई म्हणाल्या.

दुकानदाराने बूट काढले ते कुरकुरतच. "बाई, हे पोरांचे हायत."

"माझ्या पायाला ते कळत नाही," म्हणत बाईंनी तळ दुमडून पाहिला, शिवण ओढली, दुकानाच्या ओल्या पायरीवर चढउतार केली. मग घेतले. दुसऱ्या दिवसापासून त्या कातळावर अशा धावू लागल्या, की पोरी बघतच राहिल्या.

हे शाळेच्या चिटणिसांना खुपलं. त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर बाईंना सुनावलं, "शिक्षिकेने साहेबिणीसारखे बूट घालणं शोभत नाही. शिवाय माल परदेशी."

बाईंनी त्यांच्या चकचकीत पंप शूंकडे पाहिलं. आवाज खाली आला. "आणि हे कुठे शिवले? पालीच्या बाजारात?"

चिटणिसांनी तिथल्या तिथे हुकूम काढला. बूट सोडा, नाहीतर नोकरी. मी उठून म्हटलं, "इथे पोरीही घसरतात. त्यांनाही बूट द्यायला हवेत." "तुम्हाला कोणी विचारलेलं नाही," चिटणीस म्हणाले. आज इतकी वर्षं झाली, ते वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात. मुलींचे पाय मोडलेले चालतील, झाकलेले चालणार नाहीत! बाई एवढंच म्हणाल्या, "नोकरी ठेवून घ्या. घोटा माझा आहे."

कोल्हापूरच्या मोटारीत त्यांचं सामान चढवताना मला रडू फुटलं. बाईंचा आवाज खाली आला, "रडू नको गो. त्यांना तेवढंच हवंय. सोमवारी पोरींना मैदानावर ने."

"मला लेझीम कुठे येते?"

"पोरींना येते. तू नुसती उभी राहा."

सोमवारी मी उभी राहिले. पोरींनी फेर धरला. चिटणीस तरातरा आले. "ड्रिल बंद केलंय ना? बाई गेल्या ना?"

"बाई गेल्या," मी म्हटलं. "पोरी इथेच आहेत."

त्यावर ते पुष्कळ वेळ हातवारे करून बोलत होते. लेझमींच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही, आणि पोरींना थांबा म्हणून मी सांगितलं नाही.